यजमानाचे वाचन : परदेशी युवा स्वयंसेवकांच्या लेखनाचा तौलनिक विचार

1. विषयाची व्याप्ती

परक्या देशात वर्ष-दोन वर्षे राहावे, तेथील भाषा शिकावी, स्थानिक कुटुंबात किंवा वस्तीत मुक्काम करावा आणि शाळा, आरोग्यकेंद्र, शेती अशा एखाद्या क्षेत्रात विनावेतन अथवा अल्प निर्वाहभत्त्यावर काम करावे, ही कल्पना विसाव्या शतकात संस्थात्मक रूपाने स्थिरावली. तिचा अभ्यास समाजशास्त्र, विकासशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विद्याशाखांनी केला आहे. परंतु या चळवळीतून पत्रे, रोजनिश्या, आठवणी, कथा आणि कादंबऱ्या असे विपुल लेखनही निर्माण झाले. त्या लेखनाकडे प्रवासवर्णनाची एक उपशाखा म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत निबंधात या लेखनाची स्वतंत्र लक्षणे कोणती, ती कशातून उद्भवली आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ती कोणत्या दृष्टीने वाचावीत, याचे विवेचन करावयाचे आहे.

प्रवासी पाहतो आणि पुढे जातो. मानवशास्त्रज्ञ निरीक्षणासाठी राहतो. आपण येथे शिकावयास आलो आहोत, हे त्याने आरंभीच मान्य केलेले असते. स्वयंसेवकाची स्थिती या दोघांहून वेगळी आहे. तो काही देण्यासाठी येतो. मात्र पाणी कोठून आणावे, कोणाला नमस्कार करावा, कोणाच्या घरी बसू नये, येथपासून सारे काही त्याला यजमानाकडून शिकावे लागते. देणारा म्हणून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून घेणारा होतो. या विसंगतीतून हे लेखन जन्मते. त्याचे दुसरे लक्षण वाचकाशी निगडित आहे. हे लेखन बहुधा मायदेशातील वाचकासाठी लिहिले जाते, पण ते असते यजमानाविषयी. यजमानही ते वाचू शकतो, ही जाणीव ज्या लेखनात कार्यरत असते ते लेखन वाङ्मयीन दृष्ट्या अधिक समृद्ध होते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

2. संस्था आणि तिच्याआधीची कादंबरी

पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये स्वित्झर्लंडचे शांतिवादी पिअर सेरेसोल यांनी फ्रान्समधील व्हेर्दँजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावी वेगवेगळ्या देशांच्या स्वयंसेवकांचे पुनर्बांधणी शिबिर भरविले. त्यातून पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये झालेल्या भूकंपानंतर सेरेसोल आपल्या काही सहकाऱ्यांसह तेथे आले आणि गावांच्या पुनर्वसनाच्या कामात सहभागी झाले. भारताच्या दृष्टीने या परंपरेचा आरंभ येथून मानता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे स्वरूप पालटले. 1951 मध्ये ऑस्ट्रेलियातून हर्ब फाइथ हे तरुण पदवीधर नवस्वतंत्र इंडोनेशियात काम करावयास गेले. पुढे ते त्या देशाच्या राजकारणाचे मान्यवर अभ्यासक झाले. 1958 मध्ये ब्रिटनमध्ये अॅलेक आणि मोरा डिक्सन यांनी ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ची स्थापना केली. 1961 मध्ये अमेरिकेची ‘पीस कोअर’ अस्तित्वात आली आणि 1965 मध्ये जपाननेही अशीच योजना सुरू केली.

यांपैकी पीस कोअरच्या स्वयंसेवकांनी लिहिलेले वाङ्मय सर्वांत विपुल असल्यामुळे पुढील विवेचनात तेच प्रामुख्याने घेतले आहे. या संस्थेच्या पूर्वपीठिकेत एका कादंबरीचा वाटा आहे, ही गोष्ट साहित्याभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटावी. विल्यम लेडरर आणि युजीन बर्डिक यांची ‘द अग्ली अमेरिकन’ ही कादंबरी 1958 मध्ये प्रसिद्ध झाली. आग्नेय आशियातील सारखान या कल्पित देशात नेमलेले अमेरिकी अधिकारी स्थानिक भाषा न शिकता राजधानीच्या सुखसोयींत रमलेले आहेत, तर होमर अॅटकिन्स हा दिसावयास ओबडधोबड अभियंता खेड्यात जाऊन गावकऱ्यांबरोबर पाणी उपसण्याचे साधे यंत्र तयार करतो, असा विरोध तीत रंगविला आहे. सिनेटर जॉन केनेडी यांनी काही सहकाऱ्यांसमवेत या कादंबरीच्या प्रती अमेरिकी सिनेटच्या सर्व सदस्यांना पाठविल्या होत्या. 14 ऑक्टोबर 1960 रोजी मिशिगन विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांना परदेशी सेवेची तयारी आहे काय, असे विचारले आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1 मार्च 1961 रोजी पीस कोअरच्या स्थापनेचा आदेश काढला. म्हणजे भाषा शिकणारा, खेड्यात राहणारा, हाताने काम करणारा नायक प्रथम कादंबरीत आला आणि त्यानंतर त्याची शासकीय भरती सुरू झाली. पुढे स्वयंसेवकांनी आपले अनुभव लिहिले, तेव्हा हा कल्पित नायक त्यांच्या पुढ्यात आदर्श म्हणून उभा होताच; अनेकांचे लेखन त्याच्याशी केलेला वाद म्हणून वाचता येते.

3. एक पोस्टकार्ड

पीस कोअरची पहिली तुकडी ऑगस्ट 1961 मध्ये घानात पोहोचली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नायजेरियातील इबादान येथील विद्यापीठीय महाविद्यालयात प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण स्वयंसेविकेने मायदेशातील मित्राला पोस्टकार्ड लिहिले. शहरातील राहणीमान पाहून वाटलेला धक्का तिने त्यात मोकळेपणाने व्यक्त केला होता. ते पोस्टकार्ड टपालात पडण्यापूर्वीच तेथील विद्यार्थ्यांच्या हाती लागले. त्यांनी त्याच्या प्रती काढून वाटल्या आणि निषेधसभा घेतली. नायजेरियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. स्वयंसेविकेने क्षमा मागितली आणि ती मायदेशी परतली. नायजेरियातील योजना मात्र चालू राहिली.

राजनैतिक इतिहासात हा प्रसंग एक अडचण म्हणून नोंदला जातो. वाङ्मयीन दृष्ट्या त्याचा अर्थ वेगळा आहे. स्वयंसेवकाचे लिखाण यजमानाने वाचले, त्याच्या प्रती काढल्या, त्यावर मत दिले आणि त्याला जाहीर उत्तर दिले, अशी ही अगदी आरंभीची घटना होय. पोस्टकार्डावरील मजकूर खाजगी होता. लेखिकेच्या मनातील वाचक एकच होता आणि तो दूर होता. पण जवळचा वाचकही साक्षर होता, इंग्रजी जाणणारा होता आणि स्वतःविषयीचे लिखाण पारखण्याचा हक्क सांगणारा होता. वसाहतकाळातील प्रवासवर्णनाच्या लेखकाला या वाचकाची फारशी दखल घ्यावी लागली नव्हती. 1961 नंतरच्या लेखकाला ती टाळणे अवघड झाले. मेरी लुईझ प्रॅट यांनी 1992 मध्ये मांडलेली ‘संपर्कक्षेत्र’ ही संकल्पना असमान सत्तासंबंधांत होणाऱ्या सांस्कृतिक भेटीचे स्पष्टीकरण देते. इबादानचे पोस्टकार्ड हे अशा क्षेत्रात वाचनाची सत्ता काही काळ यजमानाकडे गेल्याचे उदाहरण मानता येईल.

4. संज्ञांचा प्रश्न

मराठीत या विषयाचा विचार करताना संज्ञांकडेही लक्ष दिले पाहिजे. इंग्रजीतील ‘व्हॉलंटिअर’ या शब्दाच्या मुळाशी इच्छाशक्तीचा अर्थ आहे आणि त्याचा आरंभीचा वापर प्रामुख्याने स्वेच्छेने सैन्यात दाखल होणाऱ्यासाठी झाला. मराठीतील ‘स्वयंसेवक’ या शब्दात ‘स्वयं’ आला तरी भर ‘सेवा’ या पदावर पडतो. पारंपरिक मराठी वापरात सेवा बहुधा वडीलधाऱ्याची, गुरूची, संतांची किंवा देवाची केली जाते. तिची दिशा खालून वर अशी असते आणि सेवा स्वीकारणारा सेवकापेक्षा मोठा मानला जातो. आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेत संपन्न देशाचा तरुण गरीब देशात जातो. तेथे देणारा वर आणि घेणारा खाली, अशी रचना नकळत गृहीत धरली जाते. तिला ‘सेवा’ म्हणताच शब्दाची मूळ दिशा उलटते. एकाच कृतीच्या दोन भाषांतील नावांत दडलेला हा भेद केवळ कोशगत नाही; यजमानाचे स्थान कोणते, या मुख्य प्रश्नाशी तो जोडलेला आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांच्या 1925 मधील दानविषयक निबंधाची येथे मदत होते. दान घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन येते आणि परतफेड करता न येणारा कमीपणा पावतो, असे त्यांचे मूलभूत निरीक्षण आहे. स्वयंसेवकांच्या लेखनात यजमान सतत परतफेड करताना दिसतो: अंडी, कोंबडी, फळे, आग्रहाचे जेवण. ही परतफेड लेखकाने कशी स्वीकारली आणि कशी नोंदविली, यावरून त्याच्या कथनदृष्टीची पारख करता येते. ती केवळ रंजक तपशील म्हणून आली असेल, तर यजमान पार्श्वभूमीतच राहतो. संबंध समान पातळीवर आणण्याचा यजमानाचा प्रयत्न म्हणून ती उमगली असेल, तर तो पात्र म्हणून उभा राहतो.

5. मुदतीने घडविलेला आकृतिबंध

या लेखनाचा आकृतिबंध बऱ्याच अंशी सेवाकराराने निश्चित केला आहे. पीस कोअरची सेवा साधारणपणे दोन वर्षांची असते आणि तिच्याआधी काही आठवड्यांचे भाषा व संस्कृतीचे प्रशिक्षण असते. त्यामुळे आगमन, भाषेची धडपड, आजारपण, गैरसमज, प्रकल्पाची उभारणी, त्याचे मर्यादित यश किंवा अपयश आणि निरोप, असा क्रम पुस्तकामागून पुस्तकांत आढळतो. युरोपीय परंपरेतील ‘घडणीच्या कादंबरी’शी याचे साम्य उघड आहे. विशीतला नायक घराबाहेर पडतो, ठेचा खातो आणि प्रौढ होऊन परततो. धोका असा की, संपूर्ण गाव नायकाच्या घडणीची शाळा होऊन बसते. गावाचे स्वतःचे काळाचे भान, त्याच्या चालत आलेल्या आशा आणि भांडणे दोन वर्षांच्या चौकटीत मावेनाशी होतात.

हे ‘युवा’पण किती निर्णायक आहे, ते जे तरुण नव्हते अशांच्या लेखनाशी तुलना केली असता कळते. मोरित्झ थॉमसन हे कॅलिफोर्नियातील शेतकरी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीस कोअरमध्ये दाखल झाले आणि इक्वेडोरच्या किनाऱ्यावरील रिओ व्हेर्दे या खेड्यात राहिले. 1969 मधील त्यांच्या ‘लिव्हिंग पुअर’ या पुस्तकात लेखकाची घडण जवळजवळ नाही. तो आधीच घडलेला आणि बराचसा खचलेला माणूस आहे. कोंबड्या, डुकरे आणि सहकारी संस्था यांचे प्रयोग एकेक करून अडखळत जातात, आणि अपुऱ्या अन्नावर जगणाऱ्या माणसाला भविष्याची आखणी करणे का जमत नाही, हे त्यांना स्वतःच्या शरीरावरून कळू लागते. दारिद्र्याचे वर्णन करणारा निवेदक येथे दारिद्र्याच्या कारणांपर्यंत पोहोचतो. मुदत संपल्यावर थॉमसन मायदेशी कायमचे रमले नाहीत. रामोन या आपल्या गावातील मित्रासह त्यांनी इक्वेडोरमध्ये शेती केली आणि त्यावर 1978 मध्ये दुसरे पुस्तक लिहिले. पहिल्या पुस्तकातील मदतीचा लाभार्थी दुसऱ्या पुस्तकात भागीदार होतो, आणि भागीदारीतील कटुताही त्यात येते.

पॉल थरू यांचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. 1963 मध्ये ते मलावीत शिक्षक म्हणून गेले आणि राजकीय प्रकरणात गुंतल्यामुळे 1965 मध्ये त्यांना देश सोडावा लागला. 2012 मधील त्यांच्या ‘द लोअर रिव्हर’ या कादंबरीचा नायक सुमारे चाळीस वर्षांनंतर आपल्या तारुण्यातील गावी परततो. त्याने बांधलेली शाळा पडीक झाली आहे, आणि गावकरी त्याला उपकारकर्ता न मानता पैशाचा साठा मानून अडकवून ठेवतात. घडणीच्या कादंबरीचा हा काळाकुट्ट उत्तरार्ध आहे. मात्र निराशेच्या या चित्रातही गाव नायकाच्याच मनःस्थितीचे रूप घेते. तारुण्यातील स्वप्न आणि वार्धक्यातील भ्रमनिरास या दोन्ही अवस्थांत यजमानाला स्वतःची बाजू मिळतेच असे नाही.

6. अपुरी भाषा आणि दिलेले नाव

स्वयंसेवकांच्या लेखनातील सर्वांत फलदायी प्रदेश भाषेचा आहे. प्रवाशाला दुभाषा पुरतो. वसाहती अधिकाऱ्याला भाषा येत असली तरी त्याच्या चुका दाखविण्याची कोणाची प्राज्ञा नसते. स्वयंसेवक मात्र चुकीची भाषा बोलतो आणि शेजारची मुलेही ती दुरुस्त करतात. पीटर हेसलर यांचे ‘रिव्हर टाउन’ हे 2001 मधील पुस्तक या दृष्टीने अभ्यसनीय आहे. 1996 ते 1998 या काळात ते यांगत्से आणि वू या नद्यांच्या संगमावरील फुलिंग या गावी अध्यापक महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवीत होते. त्यांना चिनी शिकविणाऱ्या लिआव बाईंचा ‘बू दुइ’, म्हणजे ‘चूक’, हा शब्द पुस्तकात वारंवार येतो. विद्यार्थ्याला कौतुकाने पुढे नेणाऱ्या अमेरिकी शिक्षणपद्धतीत वाढलेल्या निवेदकाला हा निर्विकार नकार प्रथम बोचतो. भाषा येऊ लागते तसा त्या नकारामागील आदर त्याला कळतो. वर्गात शेक्सपिअर शिकविणारा शिक्षक दुपारी एका स्थानिक शिक्षिकेपुढे चुका करीत बसतो, ही रचना संपूर्ण पुस्तकाचा तोल सांभाळते. हेसलर विद्यार्थ्यांच्या निबंधांना कथनात मोठी जागा देतात. त्यामुळे फुलिंगचे तरुण आपल्या गावाविषयी, कुटुंबाविषयी आणि परदेशी शिक्षकाविषयीही बोलताना ऐकू येतात.

नामकरण हा याच्याशी जोडलेला आशयघटक आहे. हेसलर यांना चिनी भाषेत ‘हो वेइ’ हे नाव मिळाले, आणि त्या नावाने वावरणारा आपल्यापेक्षा निराळा, अधिक भोळा आणि अधिक बोलका माणूस आहे, असे त्यांनी दाखविले आहे. जॉर्ज पॅकर यांनी टोगोतील लाविए गावच्या अनुभवावर लिहिलेल्या ‘द व्हिलेज ऑफ वेटिंग’ (1988) या पुस्तकात नामकरणाची दुसरी बाजू दिसते. गावातील मुले गोऱ्या माणसामागे ‘योवो’ ही हाक घालीत जातात. ती शिवी नव्हे, पण वंश आणि संपत्ती यांची आठवण करून देणारी हाक आहे. कितीही दिवस राहिले तरी ती थांबत नाही. पॅकर यांनी मुदत पूर्ण होण्यापूर्वीच टोगो सोडले. त्यांच्या पुस्तकातील प्रामाणिकपणाचे मूळ या अपुरेपणात आहे: निरोपाचा समारंभ नसल्यामुळे घडणीच्या कथेला तिचा ठरलेला शेवट मिळत नाही.

क्रिस हॉलोवे यांच्या ‘मोनिक अँड द मँगो रेन्स’ (2006) या पुस्तकात केंद्रच बदलले आहे. 1989 ते 1991 या काळात त्या माली देशातील नाम्पोसेला या खेड्यात होत्या. पुस्तकाची नायिका मात्र गावची तरुण सुईण मोनिक देम्बेले आहे. अपुरी औषधे, मोडकळीस आलेले बाळंतघर आणि स्वतःच्या कमाईवरही नसलेला हक्क यांना तोंड देत ती काम करते. परदेशी स्वयंसेविका तिची मदतनीस आहे. शेकडो स्त्रियांची सुटका करणारी मोनिक 1998 मध्ये स्वतः बाळंतपणात दगावली. तेव्हा लेखिका गावात नव्हती. दोन वर्षांच्या मुदतीत बंद न होणारे यजमानाचे आयुष्य या मृत्यूने कथनात प्रवेशते. पुस्तक शोकगाथेच्या जवळ जाते आणि स्वयंसेविकेची घडण दुय्यम ठरते.

7. नकार कळण्याची भाषा

या चळवळीवरील सर्वांत कठोर टीका चळवळीच्या परिघातूनच झाली. व्हिएन्नात जन्मलेले धर्मगुरू आणि विचारवंत इव्हान इलिच मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे उत्तर अमेरिकी कार्यकर्त्यांना स्पॅनिश भाषा आणि लॅटिन अमेरिकेची संस्कृती शिकविणारे केंद्र चालवीत. 20 एप्रिल 1968 रोजी मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे त्यांनी केलेले भाषण आजही वाचले जाते. पाहावयास या, शिकावयास या, पण मदत करावयास येऊ नका, असा त्याचा आशय होता. त्यांचा मुख्य मुद्दा भाषेचा होता. स्वतःच्या देशातील गरीब वस्तीत काम केले तर तेथील माणसे निदान समजेल अशा भाषेत चालते व्हा म्हणून सांगू शकतील. मेक्सिकन खेड्यात तो नकार विद्यार्थ्यांना कळणारही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सेवेचा अधिकार कोणाला, या प्रश्नाला त्यांनी दिलेली कसोटी साहित्याभ्यासकालाही उपयोगी आहे. ज्या कथनात यजमान ‘नाही’ म्हणू शकतो आणि ते ‘नाही’ निवेदकाला ऐकू येते, तेथेच त्याचे ‘होय’ विश्वसनीय ठरते.

एकविसाव्या शतकात ही कसोटी अधिक तातडीची झाली आहे. दोन-तीन आठवड्यांच्या, शुल्क भरून घ्यावयाच्या सेवासहली आता पर्यटनव्यवसायाचा भाग आहेत. त्यांत भाषा शिकण्यास अवकाश नसतो. परिणामी बोलू न शकणारी किंवा जिच्याशी बोलावे लागत नाही अशी व्यक्ती, म्हणजे लहान मूल, या अनुभवाच्या केंद्रस्थानी येते. कंबोडिया आणि नेपाळ या देशांत आई-वडील हयात असलेल्या मुलांना परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी अनाथाश्रमांत ठेवले गेल्याचे उघडकीस आले आहे. येथे यजमानाचे मौन केवळ वाङ्मयीन दोष राहत नाही. त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. केनियाचे बिन्यावांगा वायनायना यांनी 2005 मध्ये आफ्रिकेविषयीच्या ठराविक लेखनाचे उपहासात्मक नियम सांगून, आणि टेजू कोल यांनी 2012 मध्ये गोऱ्या तारणहाराच्या मनोवृत्तीची चिकित्सा करून, या प्रवृत्तीला उत्तर दिले. हे लेखन महत्त्वाचे आहेच. परंतु ते इंग्रजीत असून पुष्कळ अंशी त्याच मायदेशी वाचकाला उद्देशून आहे. यजमानाच्या स्वभाषेतील उत्तर अद्याप वाचावयाचे आहे.

8. भारत : यजमानाची बाजू

या संदर्भात भारतीय भाषांच्या अभ्यासकाची जबाबदारी विशेष आहे. पीस कोअरची पहिली तुकडी डिसेंबर 1961 मध्ये पंजाबात आली. कुक्कुटपालन, शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन अशा क्षेत्रांत 1976 पर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी भारतात काम केले. 1976 मध्ये येथील कार्य थांबले. या काळाचा मराठीशी थेट संबंध असलेला दस्तऐवज म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांची पत्रे. 1966 मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, शिकागो येथे प्रशिक्षण घेऊन आणि मराठीचे पाठ गिरवून त्या मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या आणि कुटुंबनियोजन व दवाखान्याच्या कामात राहिल्या. ‘अवे फ्रॉम होम’ या नावाने 1977 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पत्रे घरच्यांना लिहिलेली आहेत, आणि म्हणून इबादानच्या पोस्टकार्डाचीच भावंडे आहेत. विक्रोळीतील ज्या कामगार कुटुंबांत, परिचारिकांत आणि रुग्णांत त्या वावरल्या त्यांनी या वृद्ध परदेशी बाईंविषयी काय म्हटले असेल, हा प्रश्न पत्रे वाचताना सतत उभा राहतो.

मराठीत यजमानाच्या बाजूचे लेखन मुळीच नाही असे नव्हे. 1950 च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलच्या परदेशी स्वयंसेवकांनी वरोऱ्याजवळील आनंदवनाच्या बांधकामास हात लावला. आनंदवनाची कथा मराठीत सांगितली गेली ती तेथे कायमचे राहणाऱ्यांच्या दृष्टीने. साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’ हे आत्मकथन त्याचे ठळक उदाहरण होय. या कथेचा केंद्रबिंदू आमटे दांपत्य आणि श्रमातून उभे राहिलेले कुष्ठमुक्त लोक हा आहे. परदेशी स्वयंसेवक येथे पाहुणा असतो, नायक नसतो. एकाच घटनेचे कथन पाहुण्याने केले की त्याचा आरंभ आगमनापासून होतो, आणि यजमानाने केले की पाहुणा मध्येच येऊन जातो. हा फरक कालरचनेचा आहे आणि म्हणून तो तौलनिक कथनमीमांसेचा विषय आहे.

देशांतर्गत सेवेच्या मराठी वाङ्मयाशीही तुलना बोधप्रद ठरते. 1973 पासून हेमलकसा येथे माडिया गोंड समाजात काम करणारे डॉ. प्रकाश आमटे यांच्या ‘प्रकाशवाटा’ (2009) या आत्मकथनातही परकी भाषा शिकण्याची धडपड, अविश्वास आणि हळूहळू जुळणारा संबंध येतो. येथेही सेवक बाहेरचा आहे आणि सत्तेची विषमताही आहे. परंतु मुदत नाही, परतीचा दिवस नाही. त्यामुळे निरोपाच्या प्रकरणाची जागा पुढच्या पिढीच्या प्रकरणाने घेतली आहे. मुदतीचे बंधन ओलांडणाऱ्या परदेशी व्यक्तींची उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून अध्यापन आणि भाषाशास्त्रीय संशोधनासाठी भारतात आल्या, फलटणच्या मराठीचा अभ्यास केला, 1978 मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि तेथेच शिक्षणसंस्था उभारली. गेल ऑम्व्हेट 1963-64 मध्ये इंग्रजी शिकविण्यासाठी प्रथम भारतात आल्या, पुढे कासेगावला स्थायिक झाल्या, 1983 मध्ये त्यांनी नागरिकत्व स्वीकारले आणि 2021 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत येथील चळवळींशी वाद-संवाद केला. दोघीही पीस कोअरच्या स्वयंसेविका नव्हत्या. पण परक्या भाषेत रुजताना पाहुणेपण कोठे संपते, याचा विचार त्यांच्यावाचून अपुरा राहील.

9. समारोप

फुलिंगचे उदाहरण या विवेचनाला एक दिशा दाखविते. ‘रिव्हर टाउन’चा चिनी अनुवाद 2012 मध्ये चीनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ज्या समाजाविषयी पुस्तक लिहिले गेले तो समाज त्याचा मोठा वाचक झाला. 2020 मध्ये पीस कोअरने चीनमधील कार्य संपविले; त्याच वर्षी मार्चमध्ये साथीमुळे जगभरातील स्वयंसेवकांना परत बोलावण्यात आले आणि 2022 पासून ते पुन्हा जाऊ लागले. योजना येतात आणि थांबतात. अनुवादित पुस्तकामुळे मात्र यजमानाचे वाचन चालू राहते.

तौलनिक अभ्यासकाने अशा लेखनास तीन प्रश्न विचारावेत. निवेदकाच्या भाषेची दुरुस्ती कथनात कोण करतो? यजमानाचा नकार संहितेत कोठे उमटतो? आणि त्याच घटनेचे यजमानाच्या भाषेतील कथन उपलब्ध आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळणारे नाही. परतलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांची पत्रे, रोजनिश्या आणि मुलाखती बॉस्टन येथील जॉन एफ. केनेडी ग्रंथालयात जतन केल्या आहेत. पंजाबातील कुक्कुटपालक, शाळांमधील सहशिक्षक, विक्रोळीच्या दवाखान्यातील सहकारी यांच्या आठवणींचा त्या तोलाचा संग्रह भारतीय भाषांत उभा राहिलेला नाही. 1976 मध्ये वीस वर्षांचा असलेला तरुण आज सत्तरीच्या घरात आहे. 1961 मधील यजमान तर याहूनही वयोवृद्ध आहेत. त्यांच्या मुलाखती पंजाबी, मराठी, कन्नड, तेलुगू अशा त्यांच्याच भाषांत नोंदविणे आणि त्या काळच्या स्थानिक वृत्तपत्रांतील उल्लेख संकलित करणे, हे काम भारतीय विद्यापीठांच्या भाषाविभागांनी एकत्र येऊन हाती घेण्यासारखे आहे. ते झाले नाही, तर या भेटीचे एकाच बाजूचे वाङ्मय पुढील अभ्यासकांच्या हाती लागेल आणि तुलनेसाठी आवश्यक असलेली दुसरी संहिता कायमची हरवेल.